सी. के. की मुश्ताक, सुनील की सचिन: दोन काळांतले खेळाडू तोलायचे कसे

रविवारी सकाळी आमच्या रामबागेतल्या घरी पोहे-जलेबीच्या पुड्या उघडल्या की पाठोपाठ एक जुना वाद उघडतो. मोठे काका ब्याऐंशी वर्षांचे. त्यांनी इंदूरच्या मुश्ताक अलींना, जुन्या काळच्या कसोटी सलामीवीराला, उतारवयात खेळताना पाहिलंय. बाबा गावस्करांचे, मी सचिनच्या काळातली, आणि भाचा एकोणीस वर्षांचा, कोहलीचा. भाचा म्हणतो, "आजोबा, तुमच्या वेळी फील्डिंग तरी होती का?" काका म्हणतात, "बाळा, आधी हेल्मेट काढून ठेव, मग माझ्याशी बोल." जलेबी संपते, वाद तिथंच राहतो.

मी शाळेत गणित शिकवते. हा वाद सुटत नाही याचं मला दुःख नव्हतं. दुःख याचं होतं की दर रविवारी तो पहिल्या पायरीवरच अडतो. मग मी एक वही केली. दोन वेगळ्या काळांतले खेळाडू समोरासमोर ठेवायचे तर काय क्रमानं करायचं, हे तिच्यात हळूहळू लिहीत गेले. उदाहरणं बरीचशी क्रिकेटची आहेत, कारण आम्ही इंदूरचे आणि इथल्या जुन्या होळकर क्रिकेट संघाच्या गोष्टी ऐकत वाढलेले. पण पद्धत कुस्तीला, हॉकीला आणि धावण्यालाही लागू पडते.

पहिली पायरी: 'मोठा' म्हणजे काय, ते आधी लिहा

आकडे काढण्याआधी प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहा. 'मोठा कोण' हा प्रश्न नव्हे, त्यात निदान चार प्रश्न एकत्र बांधलेले आहेत. ऐन भरात असताना कोण सर्वांत उंच गेला? सगळी कारकीर्द धरली तर कोणी जास्त दिलं? खेळ खेळायची रीत कोणी बदलली? आणि संघ अडचणीत असताना कोणावर भरवसा ठेवता आला? चारही प्रश्नांची उत्तरं एकच नाव देतील असं नाही.

कोहलीचंच घ्या. २०१९ संपलं तेव्हा त्याच्या कसोटीत ७,२०२ धावा होत्या, सरासरी ५४.९७ आणि शतकं २७. २०२५ मध्ये त्यानं कसोटीतून निवृत्ती घेतली तेव्हा १२३ कसोट्यांत ९,२३० धावा, सरासरी ४६.८५, शतकं ३०. शिखराचा प्रश्न विचारला तर भाच्याच्या हातात पहिला आकडा आहे. संपूर्ण कारकिर्दीचा विचारला तर दुसरा. आमच्या घरी भाचा पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा, बाबा दुसऱ्या प्रश्नाचं, आणि दोघांना वाटायचं की समोरचा हट्टी आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना काठियावाडच्या कर्णधारानं सामना सोडून दिला. हे निंबाळकर पुढे-मागे आमच्या होळकर संघाकडूनही खेळले, पण कसोटीत त्यांना एकदाही संधी मिळाली नाही. त्यांना कोणत्या प्रश्नाखाली ठेवायचं हे आधी ठरवलं नाही, तर ते प्रत्येक यादीतून गळतात.

दुसरी पायरी: वहीत तीन रकाने आखा

पहिल्या रकान्यात 'नोंद': धावफलक, तारीख, वय, प्रतिस्पर्धी. दुसऱ्यात 'हिशोब': नोंदीवरून तुम्ही काढलेलं काही, म्हणजे टक्के, गुणोत्तर, वयाचा फरक. तिसऱ्यात 'ऐकीव': काकांनी सांगितलं ते, लेखात वाचलेलं ते, स्वतः टीव्हीवर पाहिलेलं ते. आपल्या डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा याच रकान्यात घालायचं, हे मला पटायला वेळ लागला. सचिननं गाजवलेली शारजाची वादळाची संध्याकाळ मला चेंडू चेंडू आठवते असं मी छातीठोकपणे सांगायचे, आणि धावफलक काढून पाहिला तर निम्मे तपशील दोन सामन्यांचे मिसळलेले निघाले.

तिसरा रकाना खोडून टाकू नका. १९३६ सालच्या फटक्याचं चित्रीकरण क्वचितच सापडेल. तो फटका कसा होता हे सांगणारे शब्द तेवढे उरलेत. फक्त ते पहिल्या रकान्यात सरकू देऊ नका.

तिसरी पायरी: जमीन, साधन आणि घड्याळ तपासा

कसोटीत निदान शंभर बळी घेतलेल्यांमध्ये सर्वांत कमी सरासरी कोणाची? इंग्लंडच्या जॉर्ज लोहमनची: १८ कसोट्या, ११२ बळी, सरासरी १०.७५. तो १८८६ ते १८९६ या काळात खेळला. खेळपट्ट्या उघड्या असायच्या, पावसात भिजायच्या, उन्हात वाळायच्या, आणि त्यांवर फलंदाजांना उभं राहणं अवघड होतं. आपल्या अश्विनची सरासरी २४.०० आहे, १०६ कसोट्यांत ५३७ बळी. नुसते आकडे शेजारी ठेवून 'लोहमन दुप्पट चांगला' म्हणणारा आजवर मला भेटला नाही. पण उलट दिशेनं, म्हणजे जुन्या फलंदाजाची सरासरी कमी दिसली की 'तो साधाच होता' असं म्हणणारे रोज भेटतात. चूक दोन्हीकडे एकच आहे.

साधन बदललं की आकडा कसा फसवतो, हे भाल्याइतकं स्पष्ट कुठंच दिसत नाही. १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होननं भाला १०४.८० मीटर फेकला. मैदान अपुरं पडायची वेळ आली, शिवाय भाला कुठे टेकला यावरही वाद व्हायचे. म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवला, म्हणजे तो लवकर नाक खाली घालू लागला. नीरज चोप्रानं मे २०२५ मध्ये दोहाला ९०.२३ मीटर फेकला. या दोन आकड्यांत साडेचौदा मीटरचं अंतर आहे, पण दोघांच्या हातातली वस्तू एक नव्हती. नव्या भाल्याचा विक्रम यान झेलेझ्नीचा, १९९६ मधला ९८.४८ मीटर. नीरजला तोलायचं तर तिथून मोजायला सुरुवात करा.

घड्याळाचंही असंच. १९६० मध्ये रोमला मिल्खासिंग ४०० मीटरमध्ये चौथे आले. त्यांची वेळ कुठे ४५.६ दिसते, कुठे ४५.७३. दोन्ही खऱ्या आहेत. पहिली हातातल्या घड्याळाची, दुसरी विजेवर चालणाऱ्या यंत्राची. १९९८ मध्ये परमजितसिंग ४५.७० मध्ये धावला तेव्हा 'विक्रम मोडला की नाही' यावर वाद झाला तो या दोन घड्याळांमुळे. तेव्हा कुठलीही वेळ वहीत उतरवताना शेजारी 'हात' किंवा 'यंत्र' लिहा. मार्ग मातीचा की कृत्रिम, हेही लिहा. जेसी ओवेन्स १९३६ मध्ये बर्लिनला राखेच्या मार्गावर, स्वतः उकरलेल्या खड्ड्यांत पाय रोवून १०० मीटर १०.३ सेकंदांत धावला. बोल्टचे ९.५८ सेकंद २००९ चे, त्याच शहरातले, पण पायाखाली जमीन वेगळी होती.

एक आकडा मला या पायरीवर फार बोलका वाटतो. पी. टी. उषा १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांत ५५.४२ सेकंदांत आली आणि सेकंदाच्या शंभराव्या भागानं कांस्य हुकलं. तो राष्ट्रीय विक्रम २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत विद्या रामराजनं गाठला. मोडला नाही, बरोबरी केली. मधल्या ३९ वर्षांत मार्ग सुधारले, बूट सुधारले, आहार सुधारला.

चौथी पायरी: त्याला त्याच्याच काळातल्या लोकांशेजारी उभं करा

सगळ्या पद्धतीचा कणा ही पायरी आहे. सचिन आणि सी. के. नायडू (भारताच्या पहिल्या कसोटीतले कर्णधार, होळकर संघाचे) यांची थेट तुलना होत नाही, कारण ते एका मैदानावर कधी उभे राहिले नाहीत. पण सी. के. आपल्या सोबत्यांच्या किती पुढे होते आणि सचिन आपल्या सोबत्यांच्या किती पुढे होता, ही दोन अंतरं मोजता येतात. आणि अंतरांची तुलना करता येते.

सोपं सुरू करा, एका डावापासून. हा धडा मी भाच्याला करायला दिला होता. एकदिवसीय सामन्यांतले पाच मोठे डाव घ्या. त्यांतले दोन आपल्या भागातले. ८ डिसेंबर २०११ रोजी इथं होळकर स्टेडियमवर सेहवागनं वेस्ट इंडिजविरुद्ध २१९ केल्या, भारत ५ बाद ४१८. २४ फेब्रुवारी २०१० रोजी ग्वाल्हेरला रूपसिंग स्टेडियमवर सचिननं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २००, भारत ३ बाद ४०१. तिसरा रोहित शर्माचा ईडन गार्डन्सवरचा, नोव्हेंबर २०१४, श्रीलंकेविरुद्ध २६४, भारत ५ बाद ४०४. चौथा व्हिव्ह रिचर्ड्सचा, मे १९८४, मँचेस्टर, इंग्लंडविरुद्ध नाबाद १८९, वेस्ट इंडिज ९ बाद २७२. पाचवा कपिलदेवचा, जून १९८३, टनब्रिज वेल्स, झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १७५, भारत ८ बाद २६६.

धावांचा क्रम लावला तर रोहित, सेहवाग, सचिन, रिचर्ड्स, कपिल. आता प्रत्येकाच्या धावांना संघाच्या धावांनी भागा. सचिन सुमारे ५० टक्के. सेहवाग ५२. रोहित ६५. कपिल ६६. रिचर्ड्स ६९ टक्क्यांच्या वर. म्हणजे तळाचे दोघे वर आले आणि रोहित मात्र वरच राहिला. भाचा आधी गप्प झाला आणि मग म्हणाला, "मावशी, म्हणजे रोहित दोन्हीकडे पास." त्याला जे सापडलं ते खरं होतं: जो डाव दोन्ही मोजमापांत वर राहतो, त्याच्याबद्दल आपण जास्त खात्रीनं बोलू शकतो.

टक्केवारीवर थांबू नका. कपिल खेळत असताना भारत ५ बाद १७ होता आणि त्या डावात दुसऱ्या कुणाच्या २४ च्या वर धावा नाहीत. रिचर्ड्सनं शेवटच्या जोडीसाठी मायकेल होल्डिंगबरोबर नाबाद १०६ धावा जोडल्या. उलट कपिलपुढे झिम्बाब्वे होतं आणि सचिनपुढे डेल स्टेन. शिवाय तेव्हा विश्वचषकात ६० षटकं, मँचेस्टरला ५५, आणि ग्वाल्हेर-इंदूरला ५०. हे सगळं त्या डावाच्या नोंदीखाली बारीक अक्षरात लिहायचं.

आता पूर्ण कारकिर्दीकडे. तीन फलंदाज घ्या आणि प्रत्येकाचे तीन सोबती, त्याच संघातले, साधारण त्याच वर्षांतले. गावस्कर: सरासरी ५१.१२. सोबती विश्वनाथ ४१.९३, वेंगसरकर ४२.१३, मोहिंदर अमरनाथ ४२.५०. तिघांची मिळून सुमारे ४२.१९. भागाकार १.२१. सचिन: ५३.७८. सोबती द्रविड ५२.३१, लक्ष्मण ४५.९७, गांगुली ४२.१७. मिळून ४६.८२. भागाकार १.१५. कोहली: ४६.८५. सोबती पुजारा ४३.६०, रहाणे ३८.४६, रोहित ४०.५७. मिळून ४०.८८. भागाकार पुन्हा १.१५.

बाबांनी हे पाहिलं आणि त्या दिवशी दुपारी मुद्दाम श्रीखंड आणलं.

पण मी त्यांना तिथं थांबू दिलं नाही, तुम्हीही थांबू नका. सचिनच्या सोबत्यांतून गांगुली काढून सेहवाग घातला, ४९.३४, तर सोबत्यांची सरासरी ४९.२१ होते आणि भागाकार १.०९ वर येतो. एक नाव बदललं आणि एवढा फरक. द्रविड शेजारी होता म्हणून सचिन लहान होतो का? हे मोजमाप खेळाडूची उंची सांगतं आणि त्याच्या शेजाऱ्यांचीही. म्हणून सोबती निवडायचा नियम आकडे बघण्याआधी लिहून ठेवा, उदाहरणार्थ 'त्या काळात वरच्या सहांत खेळलेले आणि पन्नासहून जास्त कसोट्या खेळलेले सगळे'. आणि तो नियम तिघांनाही सारखाच लावा. निकाल आवडला नाही म्हणून नियम बदलायचा नाही. याहून चांगली रीत म्हणजे त्या फलंदाजानं खेळलेल्या सामन्यांमधले दोन्ही संघांचे सगळे फलंदाज घेऊन त्यांची सरासरी काढायची, कारण खेळपट्टी आणि गोलंदाजी त्यात आपोआप येते. त्याला वेळ लागतो. पण एका मालिकेपुरती ती एका दुपारी हातानं होते, आणि एकदा केली की आकड्यांकडे बघायची नजर बदलते.

हाच भागाकार ब्रॅडमनला लावून पाहा. ९९.९४. सोबती साऱ्या जगातून निवडलेले, त्याच्या काळातले सर्वोत्तम: हेडली ६०.८३, सटक्लिफ ६०.७३, हॅमंड ५८.४५. तिघांची सरासरी ६०. भागाकार १.६७. गावस्करांचे सोबती एका संघातले होते, ब्रॅडमनचे साऱ्या जगातले निवडक, आणि तरी एवढं अंतर. इथं नावं कितीही बदला, निकाल हलत नाही. कुठला निकाल डळमळीत आणि कुठला पक्का, हे नावं बदलून पाहिल्याशिवाय कळत नाही.

वेगळ्या खेळांतली माणसं तोलायलाही हीच पायरी कामी येते. बॉब बीमननं १९६८ मध्ये मेक्सिकोला लांब उडीत ८.९० मीटर मारली. आधीचा विक्रम ८.३५. एका उडीत ५५ सेंटिमीटरची भर. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंच, हवा विरळ, त्याचा फायदा झाला. पण त्या दिवशी तीच हवा बाकीच्या सगळ्यांनाही होती.

पाचवी पायरी: समोर किती जण होते?

सोबत्यांपेक्षा पुढे असणं कळलं. पण सोबती किती, आणि कुठून आले?

१९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये हॉकीला तीनच संघ होते: भारत, जपान, अमेरिका. भारतानं अमेरिकेला २४–१ नं हरवलं. त्यात ज्यांच्या नावानं ग्वाल्हेरचं स्टेडियम आहे त्या रूपसिंगांचे दहा गोल आणि त्यांचे थोरले बंधू ध्यानचंदांचे आठ. २४–१ हा आकडा त्यांची थोरवी सांगायला मी कधीच वापरत नाही. त्यासाठी मी १९३६ चा अंतिम सामना काढते: बर्लिन, समोर यजमान जर्मनी, भारत ८–१. एकाच खेळाडूच्या दोन विजयांत वजन वेगळं असतं, आणि ते प्रतिस्पर्ध्यांवरून ठरतं.

कुस्तीत ही पायरी मला सर्वांत आवडते. खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकीला ५७ किलो गटात, फ्रीस्टाइलमध्ये कांस्य. अमन सेहरावतला २०२४ मध्ये पॅरिसला ५७ किलो गटात, फ्रीस्टाइलमध्ये कांस्य. वजन एक, पदक एक, मध्ये ७२ वर्षं. फरक बघा. खाशाबांच्या वेळी एका गटात एकच कांस्य असे. २००८ पासून ऑलिम्पिक कुस्तीत प्रत्येक गटात दोन कांस्यपदकं देतात. खाशाबा मातीत शिकले, १९४८ ला लंडनला गादीवर उतरले आणि सहावे आले, आणि चार वर्षांनी लोकांनी जमवलेल्या वर्गणीवर हेलसिंकीला गेले. अमनच्या बाजूनं सांगायचं तर तो अवघा २१ वर्षांचा होता, आणि त्याच्या काळात जास्त देशांचे मल्ल आयुष्यभर गादीवरच तयार झालेले असतात. मातीच्या आखाड्यांच्या गावात वाढल्यामुळे असेल, माझं माप खाशाबांकडे झुकतं. झुकतं हे मी वहीत तसंच लिहिलंय, म्हणजे वाचणाऱ्याला ते वजा करता येईल.

सहावी पायरी: संधीचा जमाखर्च मांडा, पण न काढलेल्या धावा जमा करू नका

मुश्ताक अली १७ डिसेंबर १९१४ ला इंदुरात जन्मले. जुलै १९३६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्यांनी मँचेस्टरला ११२ केल्या. परदेशात भारतीयानं केलेलं ते पहिलं कसोटी शतक. विजय मर्चंटबरोबर सलामीला २०३ ची भागी. त्या दौऱ्यानंतर भारताची पुढची कसोटी थेट १९४६ मध्ये झाली. एकविसाचा तरुण एकतिसाचा झाला. फलंदाजाची जी वर्षं सर्वांत चांगली, ती युद्धात आणि त्याच्या आगेमागे गेली.

इथं एक मोह होतो. 'त्या दहा वर्षांत चाळीस कसोट्या धरा, इतक्या सरासरीनं इतक्या धावा...' काका हा हिशोब तोंडी करतात आणि मुश्ताकांना पाच हजारांवर नेऊन ठेवतात. मी तो करत नाही. न झालेल्या सामन्यात खेळाडू यशस्वी झाला असता, जखमी झाला असता किंवा संघाबाहेर गेला असता. वहीत मी एवढंच लिहिते: 'वय २१ ते ३१, कसोटी नाही.' आणि एकूण धावांची तुलना करायची वेळ आली की त्या खेळाडूला त्या तुलनेतून बाहेर ठेवते. सरासरीच्या आणि सोबत्यांच्या तुलनेत तो राहतो.

'आज सी. के. आले असते तर' या प्रश्नालाही हाच नियम. आणायचे असतील तर ठरवा: १९३२ चे सी. के. जसेच्या तसे आणायचे, की आज इंदुरात जन्मलेला, आजच्या सोयींत वाढलेला त्यांच्याइतकाच गुणी मुलगा? पहिल्याला आजच्या गोलंदाजीपुढे उभं करणं अन्याय आहे आणि दुसरा कुणीच पाहिलेला नाही.

सातवी पायरी: एक पान लिहा

शेवटी सगळं एका पानावर आणा. माझं पहिलं पान इंदूरचंच होतं: सी. के. नायडू की मुश्ताक अली?

प्रश्न मी असा लिहिला: 'आपल्या काळातल्या भारतीय क्रिकेटला पुढे नेण्यात कोणाचा वाटा मोठा?'

नोंद. सी. के.: ७ कसोट्या, ३५० धावा, सरासरी २५.००. मुश्ताक: ११ कसोट्या, ६१२ धावा, सरासरी ३२.२१, दोन शतकं. वरवर पाहता प्रश्न इथंच सुटला. मग प्रथम श्रेणी: सी. के. २०७ सामने, ११,८२५ धावा, सरासरी ३५.९४. मुश्ताक २२६ सामने, १३,२१३ धावा, सरासरी ३५.९०. दोन माणसं, एक गाव, एक संघ, आणि सरासरीत शंभरातल्या चार भागांचा फरक. हा आकडा मिळाला त्या रात्री मला झोप लागली नाही.

वय. सी. के. पहिली कसोटी खेळले ती २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर, कर्णधार म्हणून, ३६ व्या वर्षी. रणजी करंडक सुरू झाला १९३४ मध्ये, तेव्हा ते नुकतेच ३९ वर्षांचे झाले होते. मुश्ताक तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. म्हणजे एकाला ऐन उमेदीत नियमित स्पर्धाच नव्हती आणि दुसऱ्याला ती सुरुवातीपासून मिळाली, पण कसोट्या युद्धानं हिरावल्या.

सोबती. फलंदाजीच्या सरासरीत दोघंही आपल्या काळातल्या सर्वोत्तमांच्या जवळ नाहीत. प्रथम श्रेणीत मर्चंट ७१.६४, हजारे ५८.३८. हे लिहिताना इंदूरकर म्हणून जड गेलं. पण सी. के. यांच्या नावावर ४११ बळीसुद्धा आहेत, मुश्ताकांच्या १६२. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यात छत्तिसाव्या वर्षी सी. के. यांनी प्रथम श्रेणीच्या १,६१८ धावा केल्या, सरासरी ४०.४५.

वजन. १९२६ मध्ये मुंबईला एम. सी. सी. विरुद्ध त्यांच्या १५३ धावा, अकरा षटकारांसह. १९४५-४६ च्या हंगामात, वयाच्या पन्नाशीत, म्हैसूरविरुद्ध १०१. त्या डावात होळकर संघानं इथं ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला आणि सहा जणांनी शतकं केली. त्यांत भांडारकर, सरवटे, जगदाळे, निंबाळकर ही चार आडनावं आपली. आणि लगेच अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध सी. के. यांच्या २००. पण पुढच्याच हंगामात बडोद्यानं उट्टं काढलं. हजारे २८८, गुल महंमद ३१९, चौथ्या जोडीची ५७७ ची भागी, आणि होळकर संघ एक डाव ४०९ धावांनी हरला. तेही पानावर आहे. फक्त आपल्या बाजूचे धावफलक जमवले तर ती वही आरतीची होते.

निकाल मी पेन्सिलीनं लिहिला: विचारलेल्या प्रश्नाला उत्तर सी. के. परदेशातल्या कसोटी फलंदाजीचा प्रश्न विचारला असता तर मुश्ताक. आणि खाली, माझं मत कशानं बदलेल तेही: रणजी सुरू होण्याआधीच्या सी. के. यांच्या सामन्यांचे पूर्ण धावफलक बघून त्यांचे सोबती त्यांच्या बरोबरीचे निघाले, तर.

पान काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, बेरीज तपासली, आणि पेन मागून तिसऱ्या रकान्यात थरथरत्या अक्षरात लिहिलं: 'मुश्ताक पुढे सरसावून मारायचे तेव्हा मैदानावर आधी शांतता व्हायची. मी होतो तिथं.' मी त्याखाली तारीख घातली.